शब्द निसटू लागला की आठवावा

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात पदवीचं शिक्षण इंग्रजीतून चालतं. जिंतूर, पालम, सोनपेठकडच्या गावांत दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलामुलींना काळी जमीन, सोयाबीन, पाण्याचा ताण हे सगळं शेतात वावरून ठाऊक असतं. अडतं ते पुस्तकातल्या ‘इन्फिल्ट्रेशन’, ‘ट्रान्सपिरेशन’पाशी. मग वही घातली जाते, रोज दहा-वीस शब्द उतरतात आणि परीक्षा जवळ आली की यादी पुन्हापुन्हा वाचली जाते. या मेहनतीत खोट काहीच नाही, पण तिचं चीज होत नाही आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शब्द डोक्यात राहतो तो वाचल्यानं कमी, आठवल्यानं जास्त. जेफ्री कार्पिक आणि हेन्री रोडिगर यांनी 2008 साली ‘सायन्स’मध्ये एक प्रयोग मांडला. अमेरिकी विद्यार्थ्यांना त्यांनी स्वाहिली भाषेतले 40 शब्द अर्थासह शिकवले. एकदा बरोबर आलेला शब्द काहींनी नंतर नुसता वाचला, तर काहींना त्याचा अर्थ न बघता पुन्हापुन्हा सांगायला लावला. आठवड्यानं परीक्षा घेतली. आठवत राहिलेल्यांना सुमारे 80 टक्के शब्द आले, नुसतं वाचणाऱ्यांना 35च्या आसपास. त्याआधी विचारलं तेव्हा मात्र साऱ्यांचाच अंदाज निम्मे शब्द येतील असा होता. वाचताना शब्द ओळखीचा वाटतो, ती ओळखच आपल्याला चकवते.

म्हणून वहीच्या पानाला मधोमध घडी घालावी. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ आणि आपल्याच शिवारातलं एक वाक्य. उजवी बाजू हातानं झाकून अर्थ मोठ्यानं सांगावा, मगच हात उचलावा. चुकला तो शब्द उद्या परत. बरोबर आला तो तीन दिवसांनी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं. थोडं विसरायला होणं इथं कामाचंच आहे, कारण जोर लावून आठवलेला शब्द अधिक पक्का बसतो.

हॅरी बाहरिक आणि त्यांच्या घरातल्या तिघांनी तर हे स्वतःवरच वर्षानुवर्षं करून पाहिलं. परभाषेतले 300 शब्द त्यांनी वेगवेगळ्या अंतरानं उजळले. त्यांचा निष्कर्ष 1993 साली प्रसिद्ध झाला: 56 दिवसांच्या अंतरानं केलेल्या 13 उजळण्या 14 दिवसांच्या अंतरानं केलेल्या 26 उजळण्यांच्या तोडीच्या ठरल्या. निम्म्या कष्टात तेवढंच पदरात!

राहिला प्रश्न शब्द कुठले निवडायचे याचा. दुर्मिळ, भारदस्त शब्दांच्या मागे लागण्यात वेळ जातो. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली उच्च शिक्षणाच्या पुस्तकांतून 570 शब्दकुळं वेचून काढली. ‘अनॅलाइज’, ‘डिराइव्ह’, ‘सिग्निफिकंट’ अशी ही मंडळी. सुरुवात यांच्यापासून करावी, कारण विद्यापीठीय पुस्तकातला साधारण दर दहावा शब्द याच यादीतला निघतो.