यान रुळांवर, बोट ट्रिगरवर

काळ्या पडद्यावर रंगीत रेषांनी आखलेला एक अरुंद चर. भिंतींवरच्या तोफा आग ओकताहेत आणि यान सुसाट पुढे निघाले आहे. चराच्या टोकाला एक छोटेसे भोक आहे. नेम लागला तर शत्रूचा ‘डेथ स्टार’ हा अख्खा अवकाशतळ फुटणार, हुकला तर पुन्हा त्याच चरात शिरावे लागणार. अटारी कंपनीने १९८३ मध्ये आर्केडमध्ये आणलेल्या ‘स्टार वॉर्स’चा हा शेवटचा टप्पा. त्याच नावाचा सिनेमा पाहून बाहेर पडलेल्या मुलाला त्यातली सगळ्यात थरारक दोन मिनिटे नाणे टाकून स्वतः उडवता येत होती.

स्वतः म्हणजे किती? यान थांबवता येत नाही, मागे वळवता येत नाही. ते आपल्या वेगाने ठरलेल्या वाटेने जात राहते. खेळाडूने फक्त नेम धरायचा, गोळ्या झाडायच्या आणि समोरून येणारे चुकवायचे. असे खेळ ‘ऑन-रेल्स शूटर’ म्हणून ओळखले जातात. यान जणू रुळांवर असते.

त्याआधीचा आर्केडचा राजा म्हणजे तैतोचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (१९७८). त्यात तोफ पडद्याच्या तळाशी डावी-उजवीकडे सरकायची आणि परग्रहवासी रांगेने वरून उतरायचे. सारा मामला सपाट होता. खेळाडूला पडद्याच्या आत, खोलवर न्यायचे तर गणित वाढत होते. यान मनाला येईल तिकडे वळू दिले, तर यंत्राला प्रत्येक कोनातून दिसणारे जग क्षणोक्षणी काढावे लागणार. वाट आधीच ठरवून टाकली की पुढे काय दिसणार हे ठाऊक असते आणि तेवढेच काढून भागते. रूळ आले ते मुख्यतः या अडचणीतून.

प्रत्येक कंपनीने त्यावर आपापला तोडगा काढला. ‘स्टार वॉर्स’चा पडदा ठिपके भरत बसत नाही. त्यातला इलेक्ट्रॉन झोत थेट रेषा ओढतो, म्हणून यानांचे सांगाडे धारदार आणि झपाट्याने हलणारे दिसतात. हातात येते ते विमानासारखे दोन मुठींचे सुकाणू. अटारीने अमेरिकी लष्करासाठी ‘बॅटलझोन’ या रणगाड्याच्या खेळावरून सरावयंत्र केले होते, त्यासाठी घडवलेले हे सुकाणू इथे कामी आले. सिनेमातले आवाजही यंत्रातून ऐकू येत. कसलेल्या खेळाडूंसाठी एक खुबी ठेवली होती: चरात एकही गोळी न झाडता थेट त्या भोकाचाच वेध घेतला, तर जादा गुण.

सेगाचे यु सुझुकी दुसऱ्या वाटेने गेले. १९८५ च्या ‘स्पेस हॅरियर’मध्ये रेषा नाहीत, भडक रंगांची चित्रे आहेत. क्षितिजावर ठिपक्याएवढे दिसणारे झाड पळभरात अंगावर येते. ते म्हणजे एकच चित्र, यंत्राने भराभर मोठे करत नेलेले. मूळ बेत हॅरियर लढाऊ विमानाचा होता. पण विमान प्रत्येक कोनातून दाखवायचे तर चित्रे फार लागणार आणि तेवढी मेमरी नव्हती. मग विमान गेले, बंदूक घेऊन उडणारा माणूस आला. हॅरियर हे नाव मात्र राहिले. खास मशीनमध्ये खेळाडूची खुर्चीही कलायची.

१९९३ मध्ये हा थरार घरच्या टीव्हीवर नव्या रूपात आला. निन्टेन्डोच्या ‘सुपर एनईएस’ला त्रिमिती आकार काढणे झेपणारे नव्हते. लंडनच्या अर्गोनॉट कंपनीने त्यावर शक्कल लढवली: जास्तीचा प्रोसेसर यंत्रात न बसवता गेमच्या कॅसेटमध्येच घातला. ती ‘सुपर एफएक्स’ चिप. ती घेऊन अर्गोनॉटचे तरुण ब्रिटिश प्रोग्रामर आणि क्योटोतला निन्टेन्डोचा चमू यांनी मिळून ‘स्टार फॉक्स’ उभा केला. तरीही सेकंदाला वीसच्या वर चित्रे निघत नसत आणि याने म्हणजे एकरंगी त्रिकोण-चौकोनांची जुळणी. शिगेरु मियामोतो यांना कल्पना सुचली ती निन्टेन्डोच्या कचेरीजवळच्या फुशिमी इनारी देवस्थानावरून. तिथे लाल कमानींची लांबच लांब रांग आहे आणि कोल्हा हा त्या देवाचा दूत. खेळात कमानींतून उडायचे असते आणि वैमानिक कोल्हाच आहे.

इथे रुळांचा दुसरा गुण उघड होतो. खेळाडू कोणत्या क्षणी कुठे असेल हे माहीत असल्याने रचनाकार नाट्य बसवू शकतो. इमारत नेमकी आडवी कोसळते, सोबती फॅल्को किंवा स्लिपी शत्रू पाठीशी घेऊन मदतीला हाका मारतो. तोच टप्पा पुन्हा खेळताना शत्रू कुठून येणार हे पाठ होते आणि मग चढाओढ उरते ती गुणांची.

पुढे यंत्रे ताकदवान झाली, खेळाडू मोकळ्या जगात हिंडू लागला आणि रूळ जुनाट वाटू लागले. तेत्सुया मिझुगुची यांच्या ‘रेझ’ने २००१ मध्ये नेमबाजीला संगीताच्या ठेक्याशी जोडून या प्रकारात जीव ओतला, पण असे प्रयोग मोजकेच.

आता छोटे निर्माते तिकडे वळले आहेत. २०२२ मध्ये अपूर्णावस्थेतच विक्रीला आलेल्या ‘एक्स-झोडियाक’मध्ये ‘स्टार फॉक्स’सारखेच एकरंगी, टोकदार आकार आहेत. आजच्या साध्या लॅपटॉपलाही याहून कितीतरी अधिक तपशील काढता येतो. इथला ओबडधोबडपणा हौसेने पत्करलेला. ‘व्हिस्कर स्क्वाड्रन: सर्व्हायव्हर’मध्ये वैमानिक मांजरे आहेत आणि टप्पे दर वेळी नव्याने रचले जातात, त्यामुळे वाट पाठ करून भागत नाही.

मुळापासून सुरुवात करायची तर १९९३ चा ‘स्टार फॉक्स’ आणि १९९७ चा ‘स्टार फॉक्स ६४’ हे दोन्ही निन्टेन्डो स्विचच्या सशुल्क ऑनलाइन सेवेत खेळता येतात. दुसऱ्यासाठी तिची महागडी वर्गणी लागते. नवख्याची पहिली धडक बहुधा जमिनीलाच बसते. कारण ‘स्टार फॉक्स ६४’मध्ये विमानाप्रमाणेच स्टिक खाली ओढली की यान वर जाते आणि वर ढकलली की खाली.