धुक्यातला मागचा दिवा

श्रोतेहो, पौषातली पहाट आहे असं समजा. जळकोटहून उदगीरकडं एक मोटार निघाली आहे. बालाघाटाचा हा मुलूख, त्यामुळं रस्ता कधी चढतो, कधी उतरतो. उंचावर आभाळ निरभ्र दिसतं आणि सखल भागात उतरलं, की तळ्याकाठचं धुकं एकदम अंगावर येतं. मोटारवाला शहाणा आहे. तो वेग कमी करतो, पुढचे दिवे लावतो आणि हळूहळू पुढं सरकतो. आता त्याला काही धोका आहे का?

आहे, आणि तो पाठीमागं आहे. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला ही मोटार दिसली पाहिजे. पुढचा दिवा आपल्याला दिसावं म्हणून असतो. मागचा दिवा आपण दुसऱ्याला दिसावं म्हणून असतो. आपण आपल्या गाडीचा मागचा दिवा कधी पाहत नाही, म्हणून त्याची आठवणही राहत नाही.

आता तुम्ही म्हणाल, प्रत्येक मोटारीला मागं लाल दिवे असतातच की! असतात, पण ते स्वच्छ रात्रीसाठी. दिव्याचं तेज कँडेलात मोजतात. एक कँडेला म्हणजे साधारण एका मेणबत्तीचं तेज. मागचा साधा दिवा चार-पाच मेणबत्त्यांइतका असला तरी नियमात बसतो. धुक्यासाठीचा मागचा दिवा मात्र आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणं किमान 150 कँडेलाचा लागतो. साध्या दिव्याचा बल्ब 5 वॅटचा, तर याचा 21 वॅटचा असतो. ब्रिटनमध्ये 1 एप्रिल 1980 पासून नव्यानं रस्त्यावर येणाऱ्या मोटारींना असा एक तरी दिवा सक्तीचा झाला. आपल्याकडं पुष्कळ गाड्यांना तो नसतो, म्हणून काही जण तो मागच्या बंपरमध्ये बसवून घेतात.

इथं शिक्षक बंधुभगिनींसाठी थोडं विज्ञान सांगतो. लाल प्रकाश धुक्यातून जास्त लांब जातो, असा समज आहे. तो बरोबर नाही. मावळतीचं आभाळ लाल दिसतं ते हवेच्या अतिसूक्ष्म कणांमुळं. धुक्याचे थेंब त्यांच्या मानानं फार मोठे असतात. एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर थेंबाची जाडी त्यांतल्या दहा-वीस भागांएवढी भरते. लाल प्रकाशाची लांबी एका भागाहूनही कमी. एवढ्या मोठ्या थेंबांपुढं सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. मागं लाल रंग ठेवतात तो खुणेसाठी. लाल दिसलं, की गाडीची पाठ आपल्याकडं आहे, हे कळतं. धुक्यात उपयोगी पडतं ते तेज.

तेज किती उपयोगी पडतं? धुकं प्रकाशाला दर काही पावलांवर ठरावीक हिश्शानं खातं. समजा, दर दहा पावलांना प्रकाश निम्मा होतो. मग सोळापट तेज असलेला दिवा सोळापट लांबून दिसत नाही. तो चाळीस पावलं जास्त लांबून दिसतो. सोळाचे निम्मे आठ, मग चार, दोन आणि एक, असे चार टप्पे. चाळीस पावलं म्हणजे अंदाजे तीस मीटर. एवढ्यानं काय होतं, असं वाटेल. पण ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जाते. समोर काही दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत तो एक सेकंद जातो, आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी वीस-एक मीटर लागतात. म्हणजे गाडी उभी राहणार की आदळणार, याचा निकाल त्या तीस मीटरांत लागतो.

आता दिवा बसवायचा कसा ते पाहू. बंपरच्या पातळीत बसणारा दिवा बाहेर डोकावत नाही, म्हणून तो धक्क्यानं फुटत नाही. पण त्यासाठी बंपरला भोक पाडावं लागतं, आणि एकदा पाडलेलं भोक बुजत नाही. म्हणून आधी बंपरच्या आतून हात घालून पाहावं. प्लास्टिकच्या आत लोखंडी आडवी पट्टी असते. टक्कर झाली तर मार तीच झेलते. तिला कधीही कापू नये. धुराची नळीही जवळ नसावी.

जागा ठरवताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दिवा जमिनीपासून पाव मीटरपेक्षा खाली नको आणि एक मीटरपेक्षा वर नको. ब्रेकच्या दिव्यापासून तो किमान दहा सेंटिमीटर दूर हवा, नाहीतर त्याच्या झगमगाटात ब्रेक लागलेला कळत नाही. आणि एकच दिवा लावायचा असेल, तर तो उजव्या म्हणजे चालकाच्या बाजूला किंवा मधोमध लावावा.

मग चिकटपट्टी लावून तिच्यावर खूण करावी, बारीक ड्रिल मारावं, गोल करवतीनं भोक कापावं आणि कडा कानशीनं घासाव्यात. इथं पुष्कळांची एक चूक होते. बंपर बाकदार असतो. त्याच्या पृष्ठभागाला धरून दिवा बसवला, की त्याचं तोंड आभाळाकडं नाहीतर शेताकडं होतं. दिवा सरळ मागं पाहील अशी पाचर आतून द्यावी. रात्री कुणाला तरी तीस-चाळीस पावलांवर उभं करून खात्री करून घ्यावी.

वायर भोकातून नेताना रबराची कडी घालावी, नाहीतर घासून ती उघडी पडते. दोन 21 वॅटचे बल्ब 12 व्होल्टवर साडेतीन अँपिअर वीज घेतात. तेव्हा बेताचा फ्यूज हवाच. स्विच वेगळा असावा, पुढचे दिवे चालू असतील तरच चालणारा, आणि चालकासमोर पिवळी खूण पेटवणारा. मागच्या साध्या दिव्याच्या वायरीला जोड मारू नये. मग तो रोजच पेटत राहील. मोटार वाहन कायदा, 1988 च्या 52 व्या कलमानं गाडीतल्या फेरबदलांवर बंधनं घातली आहेत. म्हणून भोक पाडण्याआधी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावं, आणि नव्या गाडीचं काम कंपनीच्या कारखान्यातच करावं.

आणि धुकं विरलं, की दिवा बंद करावा. शंभर मीटरपलीकडचं दिसू लागलं, की त्याचं काम संपलं. स्वच्छ हवेत तोच दिवा मागच्याचे डोळे दिपवतो.

ज्यांच्याकडं मोटार नाही, त्यांच्यासाठी शेवटचं सांगतो. धुक्याच्या दिवसांतच उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात. त्यांना लाल रिफ्लेक्टर लावतात, ते चांगलंच आहे. पण रिफ्लेक्टरला स्वतःचा उजेड नसतो. मागच्या गाडीचा उजेड धुक्यातून त्याच्यापर्यंत यायचा आणि धुक्यातूनच परत जायचा; म्हणजे धुकं त्याला दोनदा खातं. दिव्याचा उजेड धुकं एकदाच खातं. म्हणून ट्रॉलीला रिफ्लेक्टरबरोबर मागं जळता लाल दिवा हवा, आणि तो उसाच्या पाचटाखाली झाकला जाता कामा नये. निघण्यापूर्वी त्याच्यावरचा चिखल फडक्यानं पुसावा. ट्रॉलीवर पुष्कळदा ऊसतोडीची माणसं आणि लेकरं झोपलेली असतात, आणि त्यांच्यापर्यंत पोहोचणारा ट्रकवाला तो दिवा पाहूनच ब्रेक लावणार असतो.

शिक्षकांनी पोरांना चाळीस पावलं मोजून दाखवावीत. धुक्यातला दिवा कशासाठी, हे त्यांना लगेच कळेल.