बाथरूममधली बुरशी पुन्हा पुन्हा का येते?

वस्तीत फिरताना बहिणी आम्हाला हमखास विचारतात, "ताई, बाथरूम रोज घासते, तरी भिंतीवर काळे डाग येतातच. काय करू?" पाहुणे आले की तिलाच लाज वाटते, घरातले तिलाच बोलतात. म्हणून आधी हे सांगतो : हा घरच्या बाईचा आळस नाही. खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये घासल्याने डाग जातो, ओल जात नाही. आणि ओल आहे तोवर बुरशी येणारच.

बुरशीचे बारीक बीजाणू हवेत सगळीकडे असतात. ते आपण थांबवू शकत नाही. साबणाचा थर, अंगाचा मळ, भिंतीचा रंग यांवर ते वाढतात; पण त्यासाठी ओल लागते. भिंत एक-दोन दिवस सलग ओली राहिली की बुरशी धरते.

आधी ओल कुठली ते शोधा

भिंतीच्या कोरड्या दिसणाऱ्या भागावर वीतभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दोन दिवसांनी पाहा. पाणी प्लॅस्टिकच्या आत, भिंतीच्या बाजूला जमलं असेल, तर ओल भिंतीतून येते आहे. पाइप किंवा वरच्या घरातली गळती दुरुस्त केल्याशिवाय रंग, पुट्टी यांवर पैसे घालवू नका. इमारतीत राहत असाल तर सोसायटीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पाणी बाहेरच्या बाजूला जमलं, तर दोष कोंडलेल्या दमट हवेचा आहे.

रोज काय करायचं

• शेवटची अंघोळ झाली की भिंत आणि फरशी वायपरने निपटा. दोन मिनिटांचं काम आहे; घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनीही करावं.
• मग दार उघडं ठेवा. ओले कपडे, ओलं पायपुसणं आत ठेवू नका.
• गळका नळ लगेच बदला.
• जमल्यास एक्झॉस्ट फॅन बसवा. त्याची हवा बाहेर किंवा उघड्या डक्टमध्ये जायला हवी, स्वयंपाकघरात नको. दाराखाली बोटभर फट ठेवा. बाहेरची हवा आत आली नाही, तर फॅन नुसताच फिरतो. अंघोळीनंतर अर्धा तास चालू ठेवा.

साफ करताना

नाका-तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे. कोरडी बुरशी खरवडू नका, बीजाणू उडतात. आधी भिंत ओली करा, कपडे धुण्याच्या पावडरने ब्रश मारा, धुवा आणि पूर्ण कोरडी करा. रंगाला पोपडे आले असतील तर ते काढून, भिंत सुकल्यावरच नवा रंग द्या. बुरशीवरच रंग मारला, तर ती त्याखालून वर येते.

एक गोष्ट कधीही करू नका : ब्लीच आणि संडास साफ करण्याचं अ‍ॅसिड एकत्र. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

तब्येतीचं काय?

बुरशीने शिंका, नाक वाहणं, डोळे चुरचुरणं, खोकला होतो. दम्याच्या रुग्णाचा दमा वाढतो. लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांना जास्त जपा. बुरशीने टीबी होत नाही. पण दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर "ओलीमुळे असेल" म्हणून घरी बसू नका. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते, ती करून घ्या.

आणि जिथे हवा खेळत नाही, तिथे गॅस गिझर लावू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो; अंघोळ करता करता माणूस बेशुद्ध पडतो आणि दगावतो.

हवा आणि उजेड ही चैन नाही, आरोग्याची गरज आहे. घर नव्याने बांधत असाल, पुनर्विकासाचा नकाशा समोर आला असेल, तर सही करण्याआधी विचारा : बाथरूमची हवा बाहेर कुठून जाणार?