दोन दिवसांचं लिस्बन आणि भिंतीतला पिंजरा

युरोप म्हटलं की आपल्याकडे 'आठ दिवसांत सहा देश' असा हिशोब असतो. बसमधून उतरा, फोटो काढा, परत बसमध्ये चढा! मला मात्र पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनमध्ये, दोनच दिवस मिळाले आणि तेही अगदी निवांत गेले. याचं श्रेय मावशीला. ती तिथे नोकरी करते. ती म्हणाली, "ती यादी बॅगेत ठेव. एकच भाग निवड, पाय दुखेपर्यंत फिर, दुखले की बस." बेलेमचा प्रसिद्ध मठ राहिला, तिथली वास्को द गामाची कबर राहिली. चालेल! सिव्हिलवाली असल्यामुळे मी निवडला 'बायशा', म्हणजे दोन टेकड्यांमधला, तेजू नदीकाठचा सखल भाग.

बायशात फिरायला नकाशा लागत नाही. सगळे रस्ते सरळ, एकमेकांना काटकोनात. इमारती सारख्या उंचीच्या, खिडक्या एका ओळीत. आजूबाजूच्या टेकड्यांवर मात्र वाकड्यातिकड्या गल्ल्या आणि त्यांतून खडखडत जाणारी २८ नंबरची पिवळी ट्राम. मग मधलाच भाग असा पट्टीनं आखल्यासारखा का?

उत्तर आहे १ नोव्हेंबर १७५५. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यांना ही तारीख माहीत असेल, सर्व संतांचा सण. सकाळची वेळ, चर्चेस भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. अशात प्रचंड भूकंप झाला. लोक मोकळी जागा म्हणून नदीकडे धावले, तर थोड्याच वेळात समुद्राच्या लाटा आत घुसल्या. उरलेलं शहर कित्येक दिवस जळत राहिलं. हजारो माणसं गेली. कार्मूच्या टेकडीवरचं छप्पर नसलेलं चर्च तेव्हापासून तसंच आहे. नुसत्या कमानी, वर आकाश. तिथे मी तासभर बसले.

खरी गोष्ट पुढे सुरू होते. पंतप्रधानासारखा कारभार पाहणारा मंत्री, जो पुढे मार्किस पोंबाल म्हणून ओळखला गेला, त्यानं गावोगावच्या चर्चना प्रश्न पाठवले. धक्का किती वेळ टिकला? नंतर किती धक्के बसले? समुद्र आधी मागे हटला की आधी चढला? किती माणसं मेली? 'देवाचा कोप' म्हणून गप्प न बसता माहिती गोळा केली! भूकंपशास्त्राचा इतिहास सांगताना आजही या प्रश्नावलीचा उल्लेख होतो. शहराच्या उभारणीचे पर्याय मांडले मानुएल दा माया या लष्करी इंजिनिअरनं. वय फक्त ७८! जुनं होतं तसंच बांधा, रस्ते रुंद करा, किंवा शहरच हलवा. शेवटी बायशा सपाट करून नव्यानं आखायचं ठरलं.

आता भिंतीत काय आहे ते बघू. दगडी भिंत दाब छान सोसते, पण ताण पडला की उघडते. म्हणून या इमारतींच्या आत लाकडाचा सांगाडा घातला. उभे खांब, आडव्या तुळया आणि प्रत्येक चौकटीत फुलीसारखे दोन तिरके वासे. मधल्या जागेत दगड-विटा भरल्या आणि वरून गिलावा. याला म्हणतात 'गायोला', म्हणजे पिंजरा. आपल्या मेसमधलं डुगडुगणारं बाकडं आठवा. सुतार काय करतो? एक तिरकी पट्टी ठोकतो. चौकोन ढकलला की कलतो, त्रिकोण कलत नाही. शिवाय लाकूड थोडं लवतं आणि सांध्यांत धक्क्याची ऊर्जा जिरते. बाहेरची भिंत पडली तरी पिंजऱ्यानं मजले धरून ठेवायचे, ही कल्पना. नमुना उभारून त्याच्याभोवती सैनिकांकडून कवायत करवली आणि जमीन हादरवून तो तपासला, असं सांगतात. आपल्या शेक टेबलचा पणजोबाच!

पाया गाळाच्या जमिनीत ठोकलेल्या लाकडी खुंटांवर. पाण्याखाली हवा मिळत नाही म्हणून ते कुजत नाहीत. पण भूजल खाली गेलं तर मात्र धोका. दोन घरांच्या मध्ये आग अडवणाऱ्या भिंती, त्या छपराच्याही वर नेलेल्या.

हे सगळं बघताना मला किल्लारी आठवत होतं. आमचं मूळ गाव औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला तेव्हा बाबा दहावीत होते. ते त्याबद्दल फारसं बोलत नाहीत. तो धक्का लिस्बनच्या मानानं खूपच लहान, तरी सुमारे दहा हजार माणसं गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, त्यांना आरपार बांधून ठेवणारं काही नाही आणि डोक्यावर मातीचं जड माळवद. माणसं भूकंपानं नाही, घरांनी मारली. हे वाक्य आपण वर्गात ऐकतो आणि नोट्समध्ये लिहून विसरतो.

विसरणं तिथेही आहेच. पिंजरा गिलाव्याआड असल्यानं दिसत नाही. त्यामुळे पुढच्या काळात बायशातल्या कितीतरी इमारतींवर जादा मजले चढले, दुकानं मोठी करायला आतल्या भिंती पाडल्या गेल्या. बाहेरून मात्र सगळं तसंच देखणं.

असो. निवांतपणाचीही गंमत सांगते. कॅफेत एक 'बिका', म्हणजे छोटी कडक कॉफी, आणि कस्टर्ड भरलेला 'पाश्तेल द नाता' घेऊन बसावं आणि पाट्या वाचाव्यात. बटाटा तिथेही बटाटाच. आपला पाव, चावी, पगार, इतकंच काय साइटवरचं घमेलंसुद्धा पोर्तुगीजांकडून आलेलं! संध्याकाळी नदीकाठच्या मोठ्या चौकात जावं. नकाशावर त्याचं नाव 'प्रासा दु कुमेर्सिउ', पण लोक अजून 'तेर्रैरू दु पासू' म्हणतात, म्हणजे राजवाड्याचं अंगण. राजवाडा १७५५ मध्येच गेला. अंगण राहिलं.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, कुठल्याही शहरात दोनच दिवस मिळाले तर दहा ठिकाणांची यादी करू नका. ते शहर कधी पडलं आणि पडल्यावर लोकांनी काय बदललं, एवढंच शोधा. आणि सुट्टीत घरी गेलात की एकदा आपल्याही भिंतींकडे बघा. आत काय आहे, ते बांधणाऱ्याला विचारा.