घरच्या कॉम्प्युटरसाठी मोठी हार्ड डिस्क : बॅकअप कसा लावावा?



"माझं सगळं डी ड्राइव्हला पण ठेवलंय, बॅकअप आहे माझ्याकडे." असं तुमच्यापैकी कितीजण म्हणता? मीही म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी ऐन निकालाच्या दिवसांत लॅपटॉपमधून टक टक आवाज यायला लागला आणि दुसऱ्या दिवशी तो चालूच झाला नाही. दुरुस्तीवाल्या दादांनी सांगितलं तेव्हा कळलं, की माझ्या लॅपटॉपमधले सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग होते. पाटीवर मध्ये रेघ मारून दोन्हीकडे तेच लिहिलं आणि पाटीच फुटली, तसं झालं. आकारिक नोंदी वहीवरून पुन्हा भरल्या. मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो मात्र गेले ते गेलेच.

तेव्हा 500 जीबीची बाहेरून जोडायची डिस्क घेतली होती, ती यंदा भरली. म्हणून आता 2 टीबीची आणली. आज जेवढा डेटा आहे त्याच्या दुप्पट-तिप्पट जागा हवीच, कारण बॅकअपमध्ये एकाच फाइलच्या जुन्या प्रतीही साठत जातात. आणि हो, विंडोज 2 टीबीच्या डिस्कला 1.81 टीबीच दाखवतं. दुकानदाराशी भांडू नका! कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1024 च्या.

डिस्क जोडल्यावर आधी ती कोणत्या प्रकारे फॉरमॅट केलेली आहे ते पाहा. 'धिस पीसी'मध्ये तिच्यावर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडलं की दिसतं. घरी फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस, मॅकलाही जोडायची असेल तर एक्सफॅट. फॅट32 नको, त्यात 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ तिथेच अडतो. बदल करायचा तर 'फॉरमॅट' करावं लागतं आणि त्यात डिस्कवरचं सगळं पुसलं जातं. म्हणून त्या वेळी जुनी डिस्क काढूनच ठेवा.

मग कंट्रोल पॅनेलमध्ये 'फाइल हिस्टरी' शोधा, नवी डिस्क निवडा आणि 'टर्न ऑन' करा. डिस्क जोडलेली असेल तर दर तासाला बदललेल्या फाइल्सची प्रत आपोआप जाते. पण इथे एक मोठी गोम आहे. फाइल हिस्टरी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठरावीक जागांचीच प्रत घेते. आपल्यापैकी निम्म्यांचा संसार तर डी ड्राइव्हच्या 'शाळा 2019', 'नवीन', 'नवीन नवीन' अशा फोल्डरांत! त्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'इन्क्लूड इन लायब्ररी'मधून तो डॉक्युमेंट्सला जोडा (विंडोज 11 मध्ये आधी 'शो मोअर ऑप्शन्स' दाबावं लागतं). हे केलं नाही, तर बॅकअप चालू दिसेल आणि नेमकं हवं तेच त्यात नसेल.

डिस्क कायम जोडून ठेवू नका. व्हायरसने फाइल्स कुलूपबंद केल्या किंवा विजेचा दाब एकदम वाढला, तर जोडलेली डिस्कही सापडते. मी शनिवारी शाळेतून आल्यावर जोडते, 'रन नाऊ' दाबते आणि काम झालं की 'इजेक्ट' करून कपाटात ठेवते.

जुन्या डिस्कवरचं नवीवर नेताना कट-पेस्ट करू नका, कॉपीच करा. कट केलंत की पुन्हा एकच प्रत उरली! यूएसबी 3 च्या पोर्टला (बऱ्याचदा ते आतून निळं असतं) 400 जीबीला साधारण तास-सव्वा तास लागतो. बारीक बारीक फोटो असतील तर जास्तच. माझी जुनी डिस्क आता आईकडे असते. दिवाळीत आणि मे महिन्यात जाते तेव्हा त्यात नवीन भर घालते.

आणि बॅकअप एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघाच. मी मागच्या आठवड्यात ह्यांच्या कॉम्प्युटरवर जुनं पाठटाचण उघडलं, तर मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं! फाइल चांगली होती. पण ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती आणि तो फॉन्ट तिथे नव्हता. त्याच दिवशी माझ्या लॅपटॉपवरचे सगळे जुने मराठी फॉन्टही 'फॉन्ट' नावाच्या फोल्डरमध्ये दोन्ही डिस्कवर टाकून ठेवले.