मोहम्मद सानूला विचारलेला प्रश्न

अमेरिकन फुटबॉलमध्ये ‘वाइड रिसीव्हर’ नावाची एक जागा असते. मैदानाच्या कडेला उभं राहायचं, खेळ सुरू झाला की पळत सुटायचं आणि मागून आलेली लांब फेक धावता धावता झेलायची. कोरेगावच्या आपल्या मुलांना सांगायचं तर, सीमारेषेकडे पळत घेतलेला झेल. फक्त पाडायला दोघे-तिघे अंगावर येताहेत!

मोहम्मद सानू हेच करायचा. कुटुंब मूळचं सिएरा लिओनचं, जन्म न्यू जर्सीतला. 2012 मध्ये सिनसिनाटीने त्याला तिसऱ्या फेरीत निवडलं. त्याच मोसमात या झेलणाऱ्या गड्याने स्वतःच चेंडू फेकून 73 यार्डांचा टचडाउन करून दिला.

5 फेब्रुवारी 2017 ला अटलांटाकडून तो सुपर बाउलमध्ये, म्हणजे थेट अंतिम सामन्यात उतरला. आदल्याच आठवड्यात ट्रम्प यांनी सात मुस्लिमबहुल देशांतल्या लोकांना प्रवेशबंदी केली होती. सिएरा लिओन त्या यादीत नव्हता, तरी पत्रकारांनी सानूला गाठलंच. परिस्थिती कठीण आहे, सगळे एक व्हावेत अशी दुआ करतो, पण आता खेळाबद्दल बोलू, असं तो म्हणाला.

मला ही पळवाट वाटत नाही. नाव मोहम्मद आहे म्हणून दर वेळी त्यानेच का उत्तर द्यावं? माझ्या वर्गातल्या काही मुलांनाही हा अनुभव आहे.

सामन्यात अटलांटा 28-3 असं पुढे होतं. हरलं 34-28 ने.