पाण्यासारखे दिसते, पण पाणी नव्हे

सुई टोचण्याआधी नर्सबाई दंडावर ओला कापूस फिरवतात. गार वाटते, उग्र वास येतो. ते स्पिरिट. सुतार त्यात चपडा लाख विरघळवतो आणि लाकडाला पॉलिश करतो.

बाटलीत स्पिरिट अगदी पाण्यासारखे दिसते. असे का बरे? दोन्हींतून उजेड आरपार जातो. पाण्यात काडी घालून पाहा. वाकडी दिसते, कारण पाण्यात उजेडाची वाट वळते. स्पिरिटमध्येही तसेच होते. या वळण्याचे माप पाण्याचे सुमारे १.३३, तर स्पिरिटचे १.३६. एवढासा फरक डोळ्यांना कळत नाही.

स्पिरिटची ज्योत फिकट निळी असते. भर उन्हात ती दिसतच नाही. विझली समजून कोणी वरून स्पिरिट ओततो आणि भडका उडतो!

पॉलिशच्या स्पिरिटमध्ये पुष्कळदा मिथेनॉल नावाचे विष असते. तेही पाण्यासारखेच दिसते. पोटात गेले तर डोळे जातात, जीवही जातो. २०१५ साली मुंबईत मालवणी येथे मिथेनॉलची दारू पिऊन १०० हून अधिक माणसे दगावली.

म्हणून स्पिरिट पाण्याच्या बाटलीत ठेवू नका. पोराबाळांच्या हाती लागू देऊ नका. चुकून कोणी प्यालेच, तर तडक दवाखाना गाठा.

आणि बाटलीवर नाव लिहा. आता तुम्हाला लिहिता येते. डोळ्यांना जे कळत नाही, ते अक्षर सांगेल.